सादळलेली पाकिटं आणि ओटीवरचं पेन

देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव राखून मजकूर थोडक्यात देते.

ताई पूर्वी पुण्यात हिशेबाची नोकरी करत. लॉकडाऊनमध्ये सासरच्या घरी आल्या, तिथंच रमल्या आणि स्वतःचं काम सुरू केलं. काही आंबा व्यापारी, दोन-तीन हॉटेलं आणि एक-दोन ट्रॉलरवाले यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं त्या सांभाळतात. ऑफिस म्हणजे पडवीलगतची खोली. त्या लिहितात: ‘पहिल्या पावसाबरोबर सगळं बिघडतं. प्रिंटरमध्ये कागद अडकतो. पाकिटं न चिकटवताच चिकटून बसतात. स्टेपलरच्या पिना गंजतात आणि त्यांचे डाग लोकांच्या कागदांवर उमटतात. रेव्हेन्यू स्टॅम्पांची एकच वडी झाली आहे. रबरबँड ओढला की तुटतो. त्यात सासरे शब्दकोड्यासाठी पेन नेतात, सासूबाई दुधाचा हिशेब माझ्या लेटरहेडच्या पाठीवर लिहितात, आणि मुलगा नेतो ती कात्री परत येत नाही. नवरा म्हणतो, “ह्यां काय हापिस आसा? खोली ती.” मी इंटरनेटवर बघून पेगबोर्ड (हूक अडकवायची भोकांची फळी), बांबूचे खण, काचेच्या बरण्या आणि एक मोठं लोखंडी कपाट अशी बावीस हजारांची यादी केली आहे. हे घेऊ, की तालुक्याच्या गावी एखादा गाळाच भाड्याने घेऊ? की मुळात मलाच शिस्त नाही?’

ताई, उत्तर शेवटच्या प्रश्नापासून देते, कारण बाकीचे दोन त्यातूनच आले आहेत.

तुमच्या पत्रातल्या तक्रारी मी मोजल्या. आठ निघाल्या. त्यातल्या पाच हवेच्या आहेत आणि तीन माणसांच्या. जागा कमी पडते अशी एकही नाही. आणि तुम्ही बावीस हजार खर्च करणार आहात ते जागेवर. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला लोकांची विवरणपत्रं वेळेत भरणाऱ्या बाईला शिस्त नाही, हे मला पटत नाही. तुमची पाकिटं चिकटतात ती हवेत पाणी आहे म्हणून. त्याची जबाबदारी स्वतःवर घेऊ नका, अंगावर घ्यायला जबाबदाऱ्या तुम्हाला आधीच पुरेशा दिसतात.

तर आधी हवा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 85-90 टक्क्यांच्या आसपास राहते. छपाईच्या कागदाला मानवते ती साधारण 45 ते 55 टक्के. बुरशीला 65-70 टक्क्यांच्या वर काहीही चालतं. कसर तर अशा दमट हवेतच वाढते, आणि तिला खळ आणि डिंक फार आवडतो, म्हणजे तुमची पाकिटं आणि फायलींच्या पाठी. इंटरनेटवरच्या ज्या फोटोंवरून तुम्ही यादी केलीत, ती घरं बहुधा कोरड्या हवेतली आहेत. तिथं उघड्या बरणीत क्लिपा शोभून दिसतात. तुमच्याकडे ऑगस्टपर्यंत त्याच क्लिपा तांबूस होतील. बांबूच्या खणांवर पांढरी बुरशी येईल. पेगबोर्डचे लोखंडी हूक खाऱ्या वाऱ्याने किती दिवस टिकतील ते तुमच्या खिडकीच्या गजांना विचारा.

आणि मोठं लोखंडी कपाट? त्याच्या दाराच्या फटीतून बोट जात नसेल, पण हवा जाते. बाहेरची आर्द्रता आणि कपाटातली आर्द्रता थोड्या वेळात सारखीच होते. शिवाय ते खालून गंजतं, आणि भिंतीला टेकवलं तर मागून. कपाट वाईट असतं असं मी म्हणत नाही. फायली ठेवायला, कुलूप लावायला ते लागतं. पण तुमच्या आठ तक्रारींपैकी एकीवरही ते इलाज नाही.

इलाज तुमच्या घरात आधीपासून आहे. मे महिन्यात तुमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, तयारी होत असेलच. आमसुलं, सुकी मासळी, मिरच्या, पापड, फणसपोळी, यातली एकही वस्तू आधी कडकडीत वाळल्याशिवाय आणि मग घट्ट झाकणाच्या आत गेल्याशिवाय पावसाळ्यात शिरत नाही. उघड्या टोपलीत पापड ठेवून वर टोपलीला दोष देणारं कोणी नाही. कागद, पाकिटं, स्टॅम्प यांनाही तोच नियम लावा: कोरडं असताना भरायचं, लहान डब्यात भरायचं, आणि लागेल तेवढंच बाहेर काढायचं. डबा निवडताना सासूबाईंना सोबत घ्या. कुठल्या झाकणाचं रबर टिकतं आणि घराच्या कुठल्या कोपऱ्यात ओल धरते हे त्यांना तोंडपाठ असणार. लेटरहेडच्या वादातून बाहेर पडायलाही हा रस्ता बरा आहे.

डबे कुठले, तर झाकणाला रबराची कड आणि बाजूंना चाप असलेले प्लॅस्टिकचे. ए4 कागद आडवा मावेल असे दोन आणि लहान तीन-चार पुरेत. पारदर्शक घ्या, म्हणजे शोधाशोधीत झाकण उगाच उघडलं जाणार नाही. बिस्किटांचे पत्र्याचे डबेही चालतात, पण आतून गंज नाही ना ते बघा. पुठ्ठ्याची खोकी मात्र खोलीतून हद्दपार करा. पुठ्ठा स्वतः ओल धरतो आणि त्याच्या नागमोडी पदरांत कसर सुखाने नांदते. तुमचे आंबावाले क्लाएंट प्रेमाने रिकाम्या पेट्या देऊ करतील, फोटोत त्या फार छान दिसतात, त्याही नकोत. ते कच्चं लाकूड असतं, ओल पितं, आणि एखाद्या पेटीतून वाळवी किंवा भुंगा घरात आला तर स्टेशनरी राहील बाजूला, वाशांची काळजी करावी लागेल.

डब्यात ओल शोषणारं काहीतरी हवं. तांदळाची पुरचुंडी ठेवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तांदूळ फारशी ओल शोषत नाही आणि पोरकिड्यांना आमंत्रण देतो. सिलिका जेल घ्या. निळ्या मण्यांचं मिळतं आणि केशरी मण्यांचंही. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात मूल आहे म्हणून ते टाळा आणि केशरी घ्या. मलमलच्या फडक्यात मूठभर बांधून डब्याच्या कोपऱ्यात ठेवा. मण्यांचा केशरी रंग जाऊन ते हिरवट पडले की त्यांचं पोट भरलं असं समजा. मग 110-120 अंशांवर ओव्हनमध्ये तास-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. ओव्हन नसेल तर एखादा जुना तवा यासाठी वेगळा काढा, मंद आंचेवर हलवत राहा, आणि तो तवा पुन्हा भाकरीला घेऊ नका. फक्त एक लक्षात ठेवा. सिलिका जेल बंद डब्यातच काम करतं. कपाटात किंवा खणात नुसतं टाकलं तर ते खोलीतली सगळी हवा वाळवायला निघतं आणि दोन दिवसांत दमतं. बाजारात ओल शोषून पाणी साठवणाऱ्या टांगायच्या थैल्या मिळतात, त्या कॅल्शियम क्लोराइडच्या. त्या कपड्यांच्या कपाटात ठीक आहेत. पण थैली फुटली तर खारं पाणी कागदांवर सांडतं आणि ते लोखंडालाही खातं.

कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती अनेकांना आठवत असेल. ती खरी होती. पूर्वीचा झीरोचा बल्ब प्रत्यक्षात 15 वॅटच्या आसपास वीज खायचा आणि त्यातली बहुतेक उष्णता म्हणून बाहेर टाकायचा. आजचा एलईडीचा झीरो बल्ब गरमच होत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग उजेडापुरता. शिवाय ज्या दिवशी पाऊस सर्वांत जास्त, त्या दिवशी तुमच्याकडे वीज असते का, हे तुम्हीच सांगा.

आता कागद, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि चिडचिड त्यातच जाते. रिमचं वेष्टन साधा कागद नसतो, त्याला आतून ओल अडवणारा थर असतो. म्हणून न फोडलेला रिम महिनोन् महिने चांगला राहतो आणि फोडलेला दोन दिवसांत सादळतो. तुम्ही रिम कसा उघडता ते मला ठाऊक नाही, पण बहुतेक लोक वेष्टन टराटर फाडून अख्खे 500 कागद प्रिंटरशेजारी रचून ठेवतात. तसं करू नका. वेष्टनाची एकच टोकाची घडी सोडवा. त्यातून आजच्या कामाला लागतील तेवढेच कागद काढा. घडी परत दाबून सेलोटेपने बंद करा आणि रिम आडवा डब्यात ठेवा. उभा ठेवला तर कागद कंबरेत वाकतो आणि तो बाक नंतर जात नाही. काढलेले कागद फुलवून हवा खेळवा, मग ट्रेमध्ये घाला. रात्री काम संपल्यावर ट्रेमध्ये उरलेले कागद परत डब्यात. या शेवटच्या गोष्टीचा कंटाळा येतो, पण सकाळी अडकलेला कागद चिमट्याने ओढत बसण्यापेक्षा तो परवडतो.

कागद अडकतो का, तर एका बाजूने जास्त ओल प्यायलेला कागद वळतो आणि रोलरला त्याची कड नीट सापडत नाही. लेझर प्रिंटर असेल तर आत दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरमधून तो जातो, मग ओल वाफ होऊन निघते आणि कागद आणखी वळतो. वळलेला गठ्ठा ट्रेमध्ये पालथा घालून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. इस्त्री फिरवू नका. कोणी ना कोणी ते सुचवतंच.

किती रिम घ्यायचे? तुम्ही लिहिलं आहे की कोल्हापुराहून एकदम पेटी मागवता, स्वस्त पडते म्हणून. पडत असेल. पण ती स्वस्ताई मोजताना बुरशी आल्यामुळे फेकलेले रिम धरलेत का? रिम फोडताना वेष्टनावर पेनाने तारीख घाला, एवढंच करा. दोन-तीन रिम झाले की तुमचा खप कळेल. समजा दिवसाला पंधरा कागद आणि महिन्याला पंचवीस दिवस काम, तर महिन्याला 375, म्हणजे एक रिम महिनाभर पुरून उरतो. जून ते सप्टेंबरला चार आणि हाताशी एक जादा, असे पाच. 75 जीएसएमचा (चौरस मीटरला 75 ग्रॅम) ए4 रिम साधारण 2.3 किलोचा असतो, पाच म्हणजे साडेअकरा किलो. हे वजन मी उगाच सांगत नाही, गणपतीपाशी त्याचं काम पडणार आहे.

पाकिटांचा डिंक पाण्याने जागा होणारा असतो, जिभेच्या पाण्याने किंवा हवेतल्या. पाकिटं घ्यायचीच तर पट्टी सोलून चिकटवायची घ्या, ती चार पैसे महाग असली तरी एकही वाया जात नाही. घरात आधीच्या पाकिटांचा साठा असेल, तर बटरपेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून प्रत्येक झाकणाखाली एक सरकवा. मुलाला सुट्टीत हे काम द्या, कात्री त्याच्याकडेच आहे. रेव्हेन्यू स्टॅम्पचंही तसंच, दोन बटरपेपरच्या मध्ये आणि लहान डब्यात. पाच हजार रुपयांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचा स्टॅम्प लागतो. तुमच्या कामात रोखीच्या पावत्या किती होतात ते बघून महिन्यापुरतेच आणा. पोस्ट काही गाव सोडून जात नाही. जी वडी झाली आहे ती फेकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तास-दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि पातळ सुरीने कडेपासून सोडवा, बऱ्याचदा सुटतात. पाण्यात मात्र टाकू नका, डिंक गेला की पुन्हा चिकटवायची खटपट तुमचीच.

पिनांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. जो कागद वर्षानुवर्षं ठेवायचा त्याला स्टेपलर मारूच नये. जीएसटीचे हिशेब आणि कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागतात. सहा पावसाळे कुठली दहा नंबरची पिन काढणार? अशा गठ्ठ्यांना पंच मारून दोऱ्याचा टॅग घाला, आणि टॅगच्या टोकाला पत्रा नसून प्लॅस्टिक असेल असा बघून घ्या. दोन-चार दिवसांच्या कागदांना प्लॅस्टिक चढवलेली यू क्लिप पुरते. पिनांची एक डबी ठेवा, दहा नकोत. रबरबँड कागदाला लावूच नका. उष्णतेने आणि हवेने रबर आधी चिकट होतं, मग कडक, आणि जाताना कागदावर आपली खूण ठेवून जातं.

एक वेगळी गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी. पेट्रोलपंपाच्या आणि हॉटेलांच्या त्या गुळगुळीत पावत्या थर्मल कागदाच्या असतात. त्या उन्हाने आणि उष्णतेने उडतात, आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात घातल्या तर आणखी लवकर उडतात. हातात आली त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा स्कॅन करा. क्लाएंटच्या डिजिटल सहीची यूएसबी टोकनं तुमच्या खणात असतील, तर खरं म्हणजे ती ज्याची त्याच्याकडे हवीत. तसं होत नसेल, तर निदान नावाची चिठ्ठी लावून आणि वहीत नोंद करून कुलपात ठेवा, पेनांच्या डब्यात नको.

कपाट असो वा मांडणी, ती ठेवायची कुठे हे कशात ठेवायचं याइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती झोडपल्या जातात, आणि जांभ्याचा चिरा ओल ओढून घेतो. त्या भिंतींना काहीही टेकवू नका. बाकीच्या भिंतींपासूनही चार बोटं अंतर ठेवा, म्हणजे हवा फिरेल आणि वाळवीने मातीची वाट काढली तर ती वेळेत दिसेल. खाली विटा किंवा स्टँड हवा. घर शाकारून झालं की वरच्या कौलांखाली कुठे थेंब येतो ते पहिल्या दोन सरींतच बघून घ्या आणि मगच जागा ठरवा. डांबरगोळ्या मुलाच्या घरात नकोत. वेखंडाचे तुकडे ठेवा, आपल्याकडे पोथ्यांच्या बासनात ते पूर्वापार असतंच. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून, ओला पाला स्वतःच ओल घेऊन येतो.

आता माणसांच्या तीन तक्रारी. या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

सासरे पेन का नेतात? कारण घरात चालू स्थितीतलं पेन फक्त तुमच्या टेबलावर असतं. सासूबाई लेटरहेडवर का लिहितात? पाठीमागून तो त्यांना पाठकोरा कागद दिसतो, आणि कागद वाया घालवू नये या संस्कारात त्या वाढल्या आहेत. यात तुमचा अपमान करायचा हेतू मला तरी दिसत नाही, आणि तुम्हालाही तो हेतू शोधायची सवय लागू नये. ओटीवर घरचा एक वेगळा डबा ठेवा. त्यात साधी बॉलपेनं, दोन पेन्सिली, एक स्वस्तातली कात्री, सेलोटेप आणि तुमच्याच प्रिंटरमधून चुकलेल्या पाठकोऱ्या कागदांचा क्लिप लावलेला गठ्ठा. दर महिन्याला तुम्हीच तो भरा. सासऱ्यांच्या पेनाला खिशाला अडकवायची क्लिप हवी, नाहीतर ते तुमचंच नेतील. डबा देखणा असेल तर तो जागेवर राहतो. सावंतवाडीची लाखेच्या रंगाची लाकडी कलमदानी ओटीवर ठेवून बघा, त्या लाखेने लाकूड ओलही कमी धरतं. मुलाला त्याची स्वतःची कंपास पेटी आणि स्वतःची कात्री, नाव घालून.

उरलेल्या तुमच्या सामानाला कुलूप. एकच खण, पण कुलपाचा. त्यात शिक्का, शाईचा पॅड, चेकबुक, स्टॅम्प, लेटरहेड. लेटरहेडची तर पाचशेची छपाई पुन्हा करूच नका. मजकुरासोबत नाव-पत्ता कॉम्प्युटरवरूनच छापता येतो, साध्या कागदावर. साठाच नसेल तर कोणी दुधाचा हिशेब कशावर लिहिणार?

राहिला नवरा. ‘ह्यां काय हापिस आसा’ या वाक्याला कपाट हे उत्तर नाही, ताई. बावीस हजारांचं सामान आणून तुम्ही त्यांना खोलीचं ऑफिस झालं हे दाखवू बघताय, आणि मला वाटतं यादी एवढी मोठी होण्याचं खरं कारण तेच आहे. त्यापेक्षा सरळ बोला. दारावर तुमच्या नावाची पाटी लावायला त्यांनाच सांगा, ड्रिल त्यांच्याच हातात द्या. कामाच्या वेळा ठरवा आणि त्या वेळात खोलीत यायचं तर दार वाजवून, हे सगळ्यांसमोर एकदा सांगा. गेल्या पावसाळ्यात कागद, पाकिटं, टोनर मिळून किती रुपये फुकट गेले ते कागदावर मांडून त्यांना दाखवा. हिशेब हा तुमचा प्रांत आहे, तिथं तुमच्यापुढे कोणाचं चालणार नाही.

गणपतीत ही खोली चाकरमान्यांना द्यावी लागते, असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंत. माझ्या मते पत्रातली सर्वांत कामाची ओळ ती आहे. दरवर्षी भाद्रपदात तुमचं ऑफिस गुंडाळून माळ्यावर किंवा माजघरात जातं, आणि नेमकं त्याच धांदलीत सामान हरवतं, ओलं होतं, कोणाच्या तरी पिशवीत मुंबईला जातं. म्हणून प्रत्येक डबा एका माणसाला एका हेलपाट्यात उचलता येईल एवढाच भरा, दहा किलोच्या आत. पाच रिम एका डब्यात नकोत, दोन डब्यांत घाला. डब्यावर आत काय आहे ते लिहा आणि 1, 2, 3 असे आकडे घाला. शेवटचा डबा रोजच्या वापराचा: पेनं, क्लिपा, स्टेपलर, थोडे कागद, एक फाईल. गणपतीचे दिवस आणि महिन्याची 11 तारीख एकमेकांवर आले तर तेवढा डबा आणि लॅपटॉप घेऊन शेजारणीच्या ओटीवर बसूनही काम होईल. मोठं कपाट हलवायला चार माणसं लागतील आणि ती चारही तेव्हा मखर बांधत असतील.

हे सगळं करायचं कधी? पावसाळ्यात पत्र लिहिलंत, पण आत्ता सगळं उलथून मांडामांड करू नका. ओले कागद घट्ट डब्यात भरले तर आतच बुरशी धरतील. आत्ता फक्त चालू रिम, पाकिटं, स्टॅम्प आणि पिना वाचवा, तेही सिलिका जेलसकट. बाकीचं ऑक्टोबरात. पाऊस सरला की एका कोरड्या दुपारी सगळं पडवीत काढा. सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा, थेट उन्हात कागद पिवळा पडतो. वाळलेली पेनं, गंजलेल्या पिना, घट्ट झालेले व्हाइटनर तिथंच वेगळे करा. व्हाइटनरची बाटली हलवल्यावर आतली गोळी वाजली तर ठेवा, नाहीतर टाका. क्लाएंटच्या ज्या फायलींचं काम संपलं आहे त्या पोच लिहून घेऊन त्यांच्याकडे परत द्या. माझा अंदाज आहे की तुमच्या खोलीत स्टेशनरीपेक्षा दुसऱ्यांचे कागदच जास्त निघतील. एवढं झाल्यावरही कपाट हवं वाटलं तर लहान घ्या, दोन कप्प्यांचं आणि सहज उचलता येईल असं.

गाळ्याचं म्हणाल तर स्टेशनरी हे गाळा घ्यायचं कारण होऊ शकत नाही. तिथंही हवा तीच आहे, आणि बहुतेक गाळ्यांना खिडकी एकच असते. पण लोक जेवणाच्या वेळी हिशेब घेऊन ओटीवर येऊन बसत असतील, त्यांच्या चहात तुमचा अर्धा दिवस जात असेल, किंवा एखादी मदतनीस मुलगी ठेवायची असेल, तर गाळ्याचा विचार जरूर करा. भाडं, वीज आणि रोजचं जाणं-येणं मिळून महिन्याला किती होतं ते काढा, आणि तेवढे पैसे किती नव्या क्लाएंटमधून सुटतील ते समोर मांडा. आणि गाळा बघायला जायचं ते पुढच्या जुलैत, पाऊस चालू असताना. मालक दिवाळीनंतर या म्हणेल, रंग लावून ठेवतो म्हणेल. तुम्ही पावसातच जा, मागच्या भिंतीला तळहात लावा आणि शटर खाली ओढून पाच मिनिटं आत थांबा, वास येतो का बघायला.